बिनआवाजाची गायिका

मला गाता येत नाही हे मला तिसरीत कळलं. त्याआधी मी खूप गात असे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. कपडे धुवायला नदीवर जाताना मी मोठ्याने गायची आणि सोबतच्या बायका झपाझप पुढे निघून जायच्या. त्यांना घाई असते, असं मला वाटायचं.

तिसरीत समूहगीताची तयारी चालली होती. बाईंनी एकेकीच्या तोंडाजवळ कान नेला. माझ्याजवळ तो कान जेमतेम दोन सेकंद टिकला. "तू बाळा, नुसते ओठ हलव," त्या म्हणाल्या. "आणि चेहरा हसरा ठेव."

आमच्या गीताला तालुक्यात पहिला नंबर आला. मग काय, दहावीपर्यंत मी ओठच हलवले. पण मन लावून हलवले. श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे डोलवायची, वरचा सूर आला की डोळे कधी मिटायचे, सगळं मला पाठ होतं. एकदा बक्षीस द्यायला आलेले पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही मुलगी काय गाते हो!" बाईंनी खाली बघत मान हलवली.

माझं लग्न ठरवायला मंडळी आली तेव्हा माझी आई पोह्यांच्या बशा मांडता मांडता म्हणाली, "गाण्यात तालुक्यात पहिली आलीय आमची." खोटं काहीच नव्हतं. पण समोर बसलेल्या मुलाच्या आई त्यांच्या गावच्या महिला भजनी मंडळाच्या बुवा होत्या. बाई असल्या तरी सगळे त्यांना बुवाच म्हणत. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मुलाला न विचारताच सांगून टाकलं, "मुलगी पसंत हाय."

मुलगा वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवायचा. त्यालाही मी पसंत होते, पण ते त्याला नंतर कधीतरी विचारण्यात आलं.

लग्नानंतर पहिल्याच गुरुवारी सासूबाईंनी मला भजनाला नेलं आणि आपल्या उजव्या हाताला बसवलं. खरं सांगावं असं हजारदा मनात आलं. पण त्यांनी डोळे मिटून पहिला आलाप घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. असा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. छपराचे पत्रे थरथरले. त्या आवाजाशेजारी बसायला मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं. मी ओठ हलवले.

अशी आठ वर्षं गेली. सासूबाईंना कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. त्यांचा आवाजच असा होता की त्यात त्यांना दुसऱ्या कुणाचा ऐकूच येत नसे. मंडळातल्या बाकीच्या बायकांना बहुतेक माहीत असावं, पण मी चहा चांगला करायची.

मग एका नवरात्रात महाडला भजनाची स्पर्धा लागली. भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्या होत्या आणि वांदरांनी शेतं धरली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सासूबाई दिवसभर बांधावर उभ्या राहून वांदरांवर ओरडल्या. सकाळी उठल्या तर आवाज खरखरीत. गरम पाणी झालं, खडीसाखर झाली, टेम्पोत बसून आम्ही महाड गाठलं तोवर आवाज थोडा सुटलाही होता.

दुपारी तीनला आमचं नाव पुकारलं. सभागृह भरलेलं. संयोजकांनी दोन माइक दिले, एक सासूबाईंना आणि एक, माझा तल्लीन चेहरा बघून, मला.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी वर सूर लावला आणि तो वरच राहिला. खाली फक्त हवा आली. पखवाज चालू होता. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजल्या, "तू घे गो!"

मी डोळे मिटले, मान डोलवली आणि ओठ हलवले.

सभागृहात पखवाज-टाळांखेरीज काहीच ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं माइक गेला. माइकवाला पळत आला, वायर हलवली, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ आला. त्याने माइक परत माझ्यापुढे ठेवला. मी पुन्हा ओठ हलवले. पुन्हा नुसता पखवाज. त्याने माइक बदलला. मग दुसरी वायर आणली. पुढच्या रांगेतले एक आजोबा आपलं कानाचं यंत्र काढून फुंकर मारायला लागले. शेवटी माइकवाला हात जोडून म्हणाला, "ताई, जरा काहीतरी आवाज काढा हो, माझी मशीन चांगली आहे!"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत अजूनही भरवसा होता. मला तो सहन होईना. मी पोटातून श्वास घेतला आणि गायले.

काय निघालं ते मी सांगू शकत नाही. पखवाज वाजवणाऱ्या काकांचा हात वरच थांबला. मागे कुणाचं तरी तान्हं रडत होतं, ते गप्प झालं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. माइकवाल्याने धावत जाऊन मशीनचं एक बटण फिरवलं, मग दुसरं, मग कपाळाला हात लावला.

आणि मी थांबले नाही. थांबायला हवं होतं, मला कळत होतं. पण माझाच आवाज त्या मोठ्या भिंतींवर आपटून मला परत ऐकू येत होता, आणि इतक्या वर्षांनी तो ऐकून मला रडूही येत होतं आणि हसूही. उरलेली तिन्ही कडवी मी गायली. मंडळातल्या बायका टाळांनी तोंडं झाकून हसत होत्या, पण टाळ कुणी सोडला नाही.

परत येताना टेम्पोत सासूबाई माझ्यासमोर बसल्या. त्यांना मला झापायचं होतं, पण आवाजच नव्हता. तोंड उघडायच्या, मिटायच्या, हात उगारायच्या. आठ बोटं दाखवून त्यांनी कसंबसं विचारलं, "आठ वरसं?" मी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

चार दिवसांनी आवाज परत आल्यावर पहिलं वाक्य त्या बोलल्या ते असं: "तुजा सूर नाय लागत, पन तू पळाली नायस. उद्यापासून बस माज्याबरोबर."

तेव्हापासून रोज सकाळी भाकऱ्या थापताना त्या मला 'सा' शिकवतात. तीन वर्षं झाली, आम्ही अजून 'सा'वरच आहोत. शेजारीण दोनदा येऊन विचारून गेली, कुणाला विंचूबिंचू चावला का. सासूबाई तिला सांगतात, "सून गाते माजी."

नवऱ्याने माझा रियाज गुपचूप मोबाइलमध्ये भरला आणि त्याची रिंगटोन केली. परवा वीरहून महाडला येताना फोन वाजला तेव्हा मागच्या प्रवाशाने त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. म्हणे, "इंजिनात काहीतरी अडकलंय, दादा." नवरा म्हणाला, "इंजिनात नाय, घरात."

मला हे त्याने जेवताना सांगितलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. रिंगटोन मात्र बदलायला सांगितली नाही.