नांगराचा कच्चा सांधा

कल्याणच्या लोहारआळीत काळुरामसारखा कारागीर नव्हता आणि त्याच्याइतका उतावळाही कोणी नव्हता. भाकरी तव्यावर असतानाच हा ताट पुढे करायचा. लोखंड भट्टीत घातलं की दर दोन श्वासांनी निखारे उकरून बघायचा. त्याची बायको मालन भाता ओढायची आणि घणही तीच मारायची. लोहाराघरची रीतच ती. "सारखं उकरून बघताय, तर आच टिकंल कशी?" असं ती म्हणाली की हा भडकायचा. खरं बोललेलं त्याला कधी मानवलंच नाही.

अठराशे ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर ठाण्याच्या चेंदणीचा लिनो कोळी होडीचा लोखंडी नांगर घेऊन आला. मनगटाएवढा जाड दांडा, मधोमध दोन तुकडे झालेला. काळुरामची भट्टी घराच्या पडवीतली, विळ्या-कोयत्यांपुरती. एवढं जाड लोखंड तिच्यात वरून पांढरं दिसतं, गाभा मात्र लालच राहतो. आच आत पोचेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि तेवढीच एक गोष्ट काळुरामपाशी नव्हती. तरी त्याने काम अंगावर घेतलं.

दोन्ही टोकं त्याने कलमासारखी उतरती केली, जोडावरची जळ वितळून निघावी म्हणून वर वाळू भुरभुरली आणि निखाऱ्यांत खुपसली. मालन भाता ओढून घामाघूम झाली.

"थांबा अजून," ती म्हणाली.

हा कसला थांबतोय! त्याने एक तुकडा ऐरणीवर ओढला, दुसरा लिनोने सांडशीत धरला, मालनने घण घातले. गार झाल्यावर, लिनो बाहेर हातपाय धूत होता तेव्हा, तिने सांध्यावर हातोडी ठोकून पाहिली. सलग लोखंड खणखणतं. हे बद्द वाजलं.

"अवो, आत नाय जुळलं."

"गप बस. कानस फिरवली की सांधा कुठाय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

आणि खरोखर कळलं नाही. लिनो खूश होऊन गेला. परवा समुद्रावर निघायचं, एवढं सांगून गेला.

त्या दिवसापासून काळुरामला चैन पडेना. कोयता हातात घ्यायचा, खाली ठेवायचा. खाडीपर्यंत जायचा, परत यायचा. वारा सुटला आणि तो दांडा तुटला, तर होडी थेट खडकांवर जाणार आणि लिनोसकट पाच माणसं बुडणार. हे मालनला सांगायची त्याला लाज वाटत होती. ती काही विचारत नव्हती, त्याने तर तो आणखीच जळत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी घण खांद्यावर टाकून त्याने ठाण्याची आगगाडी धरली. चेंदणीच्या धक्क्यावर होडी निघायच्या बेतात होती. लिनोची बायको बिट्रिस पाण्याचं मडकं वर देत होती.

"नांगर काढ," काळुराम म्हणाला.

"काय झालं, दादा?"

"काढ म्हणतो ना!"

नांगर दोन दगडांवर आडवा टाकून त्याने मधोमध घण घातला. काही झालं नाही. दुसरा घातला. लोक हसायला लागले. लिनो चिडला, "अरे, चांगली वस्तू कशाला मोडतोस? येडा झाला काय?" क्षणभर काळुरामला वाटलं, आपणच चुकलो असू. किती बरं झालं असतं!

तिसऱ्या घावाला दांडा तुटला. जुळलेली तेवढी कडेला बोटभर चकाकी, बाकी न जुळलेला गाभा काळा ठिक्कर.

काळुराम लिनोकडे बघू शकला नाही. बिट्रिसने तुकडा उचलून त्या काळ्यावरून अंगठा फिरवला.

"दादा," ती म्हणाली, "शिमग्याच्या टायमाला आमच्या दिराचा नांगर पन तूच जोडलेलास ना? रुडॉल्फचा?"

"हो."

"तो पन असाच काय?"

काळुरामला आठवेना. उतावळेपणाने केलेली कामं कुठे लक्षात राहतात?

"ठाऊक नाही, बाई," तो म्हणाला.

रुडॉल्फ चार माणसं घेऊन आदल्याच दिवशी वसईकडे गेला होता.

काळुराम घरी गेला नाही. तीन दिवस धक्क्यावरच येरझाऱ्या घालत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी रुडॉल्फची होडी दिसली, तसा तो गुडघाभर चिखलात उतरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही त्याला भान नव्हतं. रामराम नाही, खुशाली नाही. होडीच्या कडेला हात पोचताच त्याने आधी नांगर मागितला.