कुसुमावतीबाईंची दमणची रजा

कुसुमावतीबाई शिर्क्यांच्या रजेसाठी मी दोन शब्द लिहिले आणि त्या दोन शब्दांचं ओझं मला द्वारकेपर्यंत वाहावं लागलं. कचेरीत लोक अजून हसतात. हसोत बापडे. पण गोष्ट बाईंची आहे, तेव्हा आधी त्यांच्याबद्दल.

बाई बडोद्याच्या एका कन्याशाळेत भूगोल शिकवत. वय चाळिशीला टेकलेलं, आवाज खणखणीत, आणि चाल अशी की बाबाजीपुऱ्याच्या गल्लीत समोरून येणाऱ्या टांग्यानेच जरा कडेला व्हावं. घराणं शिलेदाराचं. आजोबांची तलवार धाकट्या भावाच्या, धनाजीरावांच्या दिवाणखान्यात टांगलेली होती. धार मात्र बाईंच्या वाट्याला आली होती. सतराव्या वर्षी नवरा गेला. माहेरी परत आल्या त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत, ट्रेनिंग कॉलेजात जाऊन बसल्या.

सत्तावीस सालची गोष्ट. बाई वर्गात भरती-ओहोटी शिकवत होत्या. रमा नावाच्या मुलीने विचारलं, "बाई, भरतीला पाणी केवढं चढतं?"

बाईंनी पुस्तकातलं सांगितलं.

"तुम्ही पाहिलंत?"

सोळा वर्षं समुद्र शिकवणाऱ्या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. "नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर पुन्हा विचार."

झालं. घरी येऊन त्यांनी नकाशा उघडला आणि सुरतेच्या खाली, किनाऱ्याला चिकटलेल्या फिरंग्यांच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. दमण. मग एका वहीत सगळा बेत मांडला. वापीपर्यंत आगगाडी, पुढे टांगा. नानी दमणला एका पारशी बाईच्या घरी खोली. पहिल्या दिवशी दोन्ही किल्ले, मधली खाडी नावेतून. दुसरा दिवस अख्खा तटावर, हातात घड्याळ, पाणी चढताना आणि उतरताना बघायचं. तिसऱ्या दिवशी फिरंग्यांची जुनी देवळं, घरं, रस्ते. सोबतीला शाळेची शिपाईण गंगाबाई, जी ताजी मासळी मिळेल एवढ्या एकाच अटीवर तयार झाली.

धनाजीराव तयार झाले नाहीत.

"अक्का, समुद्रच बघायचा तर द्वारका आपल्याच गायकवाडी राज्यात आहे. देवदर्शन होईल आणि कोणी नावही ठेवणार नाही."

"म्हणूनच नको. देवाच्या आडून समुद्र बघायचा नाही मला."

"अगं, दमणला लोक दारू प्यायला जातात."

"मग माझ्याकडे बघायला कोणाला शुद्ध असणार आहे?"

"शिर्क्यांची बाई फिरंग्यांच्या गावात कशासाठी गेली, असं कोणी विचारलं तर?"

"आपले लोक वसई घ्यायला गेले, तेव्हा यात्रेला जातो म्हणून सांगून गेले होते का रे?"

धनाजीरावांनी तलवारीकडे पाहिलं. तलवारीने काही मदत केली नाही.

आता मी. मी सदानंद, बडोद्याजवळच्या करजण या लहानशा गावातल्या शाळेत शिकलेला. शाळांतल्या मास्तरांच्या आणि बाईंच्या रजा जिथून मंजूर होत, त्या कचेरीत नवा चिकटलो होतो. तिथे रजेची कारणं तीनच चालत: आजार, लग्न आणि यात्रा. दिवाळीच्या सुट्टीला जोडून बाईंनी चार दिवस मागितले आणि कारणापुढे लिहिलं, 'दमण शहर व समुद्र पाहणे.'

आमचे अव्वल कारकून दिनकरराव यांनी ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. "हे कारण आहे की चैन?" म्हणाले आणि अर्ज परत पाठवला. बाईंनी तोच अर्ज, त्याच शब्दांत, पुन्हा धाडला. तो परत गेला. तिसऱ्यांदा आला.

दर आठवड्याला सगळ्या अर्जांची एक यादी करायची, साहेब फक्त यादी बघून सही करत. यादी लिहायचं काम माझं. मला बाईंची दया आली. यात माझा मूर्खपणा किती आणि चांगुलपणा किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'द्वारका यात्रा'. सही झाली. बाईंना चार दिवस मिळतील, त्या गुपचूप दमणला जातील, सगळे खूष, असा माझा हिशेब.

करजणहून आलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की यात्रा गुपचूप होत नाही. हुकूम शाळेत पोचला, तो वाचला गेला, आणि बाई घरी यायच्या आत गल्लीला कळलं. आपल्याकडची रीत माहीत आहेच: कोणी यात्रेला निघालं की त्याच्या हाती नारळ-सुपारी द्यायची, आपल्या नावाने देवापुढे ठेवायला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सतरा नारळ जमले. प्रत्येकाबरोबर एकेक मागणं. कोणाचा मुलगा मॅट्रिकला बसणार होता, कोणाची म्हैस आटली होती.

बाईंनी मला बोलावून घेतलं. कसं ओळखलं, तर म्हणाल्या, "इतका आगाऊपणा कचेरीतले जुने लोक करत नाहीत. उचल टोपली."

मग गल्लीने एक देखावा पाहिला. पुढे बाई, मागे डोक्यावर टोपली घेतलेला मी. दारोदार जाऊन बाई सांगत, "मी द्वारकेला जात नाही. दमणला चाललेय, समुद्र बघायला. हा तुमचा नारळ." आणि एकही नारळ कोणी परत घेईना. देवाच्या नावाने घराबाहेर पडलेला नारळ पुन्हा उंबरा ओलांडून आत घ्यायचा नसतो. शेजारच्या गुजराती काकींनी तर हात पाठीमागे लपवले. "पाछुं न लेवाय, बेन."

मोहनराव म्हणून एक होते, म्हशीचे मालक. ते रडकुंडीला आले. "मग बाई, मी देवाला सांगू काय?"

"कारकुनाची चूक झाली म्हणून सांगा. देवाकडेही कचेरी असेलच."

टोपली जशी गेली तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या डोक्यावरून थेट कचेरीत गेली. सतरापैकी एक नारळ दिनकररावांचा होता, बाईंनी अखेर कारण बदललं असं समजून, मुलीचं लग्न जमावं म्हणून धाडलेला. बाईंनी तो त्यांच्या दौतीशेजारी ठेवला.

"मी दमणला चाललेय. हुकूम दुरुस्त करून द्या."

"द्वारकेला जात नसाल तर हुकूम रद्द होईल," दिनकरराव म्हणाले.

"करा. आणि का रद्द केला तेही लिहा. परत आलेले दोन अर्ज माझ्याकडे आहेत, तिसरा तुमच्या फडताळात, तिन्ही दमणचे. हुकूम द्वारकेचा कसा निघाला ते मी साहेबांना विचारीन. रजा गेली तर जाऊ दे, पण खोटं कारण माझ्या नावावर राहणार नाही."

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. मग म्हणालो, "यादी मी लिहिली."

शेवटी दिनकररावांनी टाक उचलला. हुकूम नवा निघाला, आणि त्या कचेरीत पहिल्यांदाच एका हुकमात 'समुद्र पाहणे' असे शब्द आले. लिहिताना त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. सही आणून हुकूम बाईंच्या हाती दिला, तेव्हा हळूच विचारलं, "पण नारळाचं काय? मुलीचा प्रश्न आहे हो."

"ज्याने द्वारका लिहिली तो जाईल," बाई म्हणाल्या.

"याला रजा कोणत्या कारणाने देऊ?"

"यात्रा. तुमच्याकडे चालतं ना ते?"

दिवाळीनंतर आम्ही एकाच दिवशी निघालो. त्यांची गाडी सुरतेकडे, माझी अहमदाबादकडे. मी सतरा नारळांच्या पोत्यावर बसलो होतो. बाईंच्या हातात वही आणि नवऱ्याचं खिशातलं घड्याळ. निरोपाला आलेले धनाजीराव, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून, खांबाआड उभे होते.

"अरे धन्या, पुढे ये," बाई फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दमणला चाललेय, काळ्या पाण्यावर नाही." मग माझ्याकडे वळून, "द्वारकेला भरती किती चढते ते मोजून आण. मला ताडून बघायचंय. आवजो."

आठ दिवसांनी मी शाळेत गेलो, तेव्हा वर्ग चालू होता. फळ्यावर दमणच्या तटाचं चित्र होतं आणि पाणी तासातासाला कुठवर आलं त्याच्या रेघा. रमा त्या रेघा आपल्या वहीत उतरवून घेत होती. बाईंचा चेहरा उन्हाने चांगलाच रापला होता.

"किती चढली?" त्यांनी दारातच मला विचारलं.

मी कबूल केलं की मोजली नाही. सतरा लोकांची सतरा मागणी पुजाऱ्याला न चुकता सांगण्यात सगळा वेळ गेला. समुद्राकडे बघायचं राहूनच गेलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि खडू उचलून फळ्याकडे वळल्या. "तू जे कारण लिहिलंस ते केलंस. मीही."