जन्मभराचं गामान

माझं लग्न जपानात, इचिकावातल्या एका छोट्या चर्चमध्ये मोडता मोडता राहिलं, आणि त्याला कारण माझी जीभ. होणारी बायको जपानी, जन्मापासून कॅथलिक. मी पुण्याचा, जन्मापासून शहाणा. लग्नाआधी दोघांनी फादरांच्या शिकवणीला बसायचं, असा तिथला रिवाज. मी मनात म्हटलं, कावासाकी शहरातल्या ऑफिसात भल्याभल्या क्लायंटना गुंडाळतो, हे फादर कोण लागून गेले!

फादर म्हातारे, जपानीच. त्या दिवशी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांबद्दल सांगत होते. त्यांच्यात ब्रह्मचर्याला मोठा मान. ज्याला एकटं राहणं पेलेल त्यानं खुशाल राहावं. न पेलेल त्यानं आतल्या आत जळत बसण्यापेक्षा लग्न करावं, त्यात पाप नाही. मग त्यांनी मला विचारलं, "संसारात संयम म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?"

संयम! अहो, हा तर आमचा घरचा विषय. छाती फुगवून जपानीत ठोकून दिलं, "गामान! हिच्याबरोबर मी जन्मभर गामान करीन."

ऑफिसात ओव्हरटाइमच्या वेळी हा शब्द रोज कानावर पडायचा, म्हणून उचलला. त्याचा अर्थ दातावर दात धरून सहन करणं, हे मला तिचा चेहरा पडल्यावर आठवलं. सावरायला गेलो आणि आणखी माती खाल्ली. "म्हणजे, मी महिनाभर वेगळा झोपू शकतो. हवं तर आमच्याकडचा चातुर्मास पाळीन, सलग चार महिने!"

फादर शांतपणे म्हणाले, "त्या जुन्या शिकवणीत नवराबायकोनं दूर राहायचं ते दोघांच्या संमतीनं, आणि थोडेच दिवस. हिला विचारलंत?"

कुठलं विचारतोय!

शिकवणी संपल्यावर स्टेशनपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. माझी पाचावर धारण बसली. गेटपाशी थांबून तिनं विचारलं, "मला नुसतं सहनच करणार असशील तर लग्न कशाला करतोस? राहा की एकटा. पेलेल तुला?"

सगळा चातुर्मास तिथंच सुटला. खरं सांगतो, ही आता गेटमधून एकटीच आत जाणार, या विचारानं मला रडू फुटायचं बाकी होतं.

"नाही," मी म्हणालो. "एक दिवससुद्धा नाही पेलणार."

तिनं हातातला पास परत पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "चल, हेच फादरांना सांग," आणि दंडाला धरून मला परत चर्चकडे घेऊन निघाली.