बर्फ वितळला त्या दिवसाचे आकडे

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत काचनळ्या धूत होते. लाखांदूरहून तिचा भाऊ बोलत होता, "कुंदाताई, वंदी गेली वो... पहाटे छातीत दुखलं, अन् दवाखान्यात नेईपर्यंत..." आठवड्याने भंडाऱ्याला आमच्या कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुख सर डोळ्यांना रुमाल लावून वीस मिनिटं बोलले. म्हणाले, "माझ्या संशोधनात तिची फार मदत झाली." त्यांच्या संशोधनात! मी मागच्या बाकावर दातओठ खात बसले होते. आज महिना होत आला. तो राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी इथली प्रयोगशाळा सहायक. वंदना सरांच्या हाताखाली पीएचडीला आली तेव्हापासून आम्ही दोघी एका टेबलावर. तिचं काम तिनेच मला सोपं करून सांगितलं होतं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी तुंबलं की धानाच्या मुळांना हवा मिळत नाही. मग ती जगण्यापुरती ताकद दुसऱ्या वाटेने काढतात आणि त्या वाटेवर एक एन्झाइम कामाला लागतं. ते किती जोरात चालतं, हे तिला मोजायचं होतं. तिच्या बाबांच्या शेतातलं जुनं वाण पाण्यात टिकतं, हे गावाला ठाऊकच होतं. तिला ते आकड्यांत दाखवायचं होतं. मुळं गरम झाली की एन्झाइम मरतं, म्हणून एसटीत ती बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. आल्या आल्या थंड खलात मुळं वाटायची, रस गाळून काचनळीत घालायची आणि यंत्रावर दर पंधरा सेकंदांनी दिसणारा आकडा मोठ्याने सांगायची. मी लिहायची. आकडा झरझर चढला की म्हणायची, "पाह्य वो कुंदा, किती जीव आहे इच्यात!"

एकदा वाटेत एसटी पंक्चर झाली. दोन तास उन्हात. डबा उघडला तर नुसतं कोमट पाणी. तरी तिने मोजून पाहिलं. आकडा जागचा हलेना. वहीचं पान फाडायचं नाही हा तिचा नियम, म्हणून तिने समासात लाल शाईने लिहिलं, 'बर्फाचं पानी झालं. हे आकडे धरायचे नाही.'

पुढे एक दिवस ती गावी असताना सरांनी वही मागितली. "जरा बघतो," म्हणाले. आणि मी दिली... वंदनाला न विचारता, माझ्या या हातांनी. आठ दिवसांनी वही परत आली. वर्षभराने सरांचा शोधनिबंध छापून आला, एकट्या सरांच्या नावाने. तिच्या बाबांच्या वाणापुढे नेमके त्या पंक्चरच्या दिवसाचे आकडे होते, आणि खाली निष्कर्ष, की हे वाण पाण्यात टिकत नाही. वंदना आधी हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "यानं तं आपला वितळला बर्फ बी चोरला वो!" मग तो निबंध मिटून ठेवला. "पर बाबाले काय सांगू मी?"

ती सरांना भेटली. ते म्हणाले, "तुमच्या प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नका." ती सही त्यांनी अखेरपर्यंत केली नाही. वंदना मोहाडीला शाळेत शिकवू लागली. जाताना वही माझ्या हातात ठेवली, "ठेव तुयापाशी." मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तिच्या आठवणीसाठी विभागात काचेचं कपाट आलंय. सोमवारी अकरा वाजता सरांच्याच हस्ते उद्घाटन. परवा मला म्हणाले, "तिची ती वही असेल ना तुमच्याकडे? मधोमध ठेवू, छान बंद करून."

मी म्हटलं, "मीच ठेवते, सर."

ठेवली आहे. बंद नाही, उघडी... लाल शाईच्या त्या पानावर. शेजारी सरांचा छापील निबंध, त्याच आकड्यांवर उघडलेला. वरून पडदा सोडलाय. ज्यांना वाचता येतं त्यांनी सोमवारी जरूर यावं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. आणि सर, हे वाचून ती मागायला येऊ नका. या वेळी मी वही देणार नाही.