बॅटरी शंभर टक्के

आमच्या ह्यांना सगळी कॉलनी बॅटरीकाका म्हणते. अर्थात पाठीमागे. पण ह्यांच्या कानावर गेलं तरी रागवायचे नाहीत, उलट छाती फुगेल. निवृत्त झाल्यावर कोणी बाग करतं, कोणी शेजाऱ्यांशी भांडतं. ह्यांनी कॉलनीच्या फाटकापाशी आणि सोसायटीच्या ऑफिससमोर खांबांवर बसवलेले उन्हावर चालणारे कॅमेरे दत्तक घेतले. स्वतःच्या नातवाचं नाक कधी पुसलं नाही, पण कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं ते ताटलीएवढं पॅनेल रोज सकाळी शिडी लावून पुसणार. माझी मऊ चादर त्यापायी फाडून तिची फडकी झाली. कबुतरांशी तर ह्यांचं सात जन्मांचं वैर. पुसून झालं की कॉलनीच्या ग्रुपवर निरोप जायचा: "सर्व कॅमेरे व्यवस्थित. बॅटरी शंभर टक्के." त्याला चार अंगठे आले की मगच चहा गोड लागायचा.

आता ह्या शंभराची गंमत ऐका. मध्यंतरी ढगाळ हवेत ऊन पडेना आणि फाटकावरचा कॅमेरा बंद पडला. चेअरमननी चारचौघांत विचारलं, काय काका, झोपला वाटतं तुमचा पहारेकरी? झालं, ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे कॅमेरे असे, की समोर काही हललं की जागे होतात, चित्रण करतात आणि परत झोपतात. जितकी वर्दळ तितकी बॅटरी खर्च. तर ह्यांनी फोनवर बोटं फिरवून त्यांचं जागं होणंच बंद करून टाकलं. हत्ती गेला तरी कॅमेरा ढिम्म. अहो, मग ते बघणार काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, गरज पडली की बघतील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

आणि गरज पडलीच. चेअरमनच्या मुलीची नवी सायकल गेली. ह्यांनी ऐटीत फोन पुढे करून सांगितलं, कॅमेऱ्यात बाहेरचं कोणी आलेलं नाही. खरंच होतं ते. आतलंही कोणी आलेलं नव्हतं, पण तेवढा विचार करायची सवड कोणाला? बाहेरचा नाही म्हणजे आतला, आणि आतला म्हणजे वॉचमन. धुतल्या तांदळासारखा माणूस. त्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालायचं. तो परोपरीने सांगत होता, पण रविवारच्या सभेत त्याला काढायचं, हे आधीच ठरून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन खरं काय ते सांगा.

"अगं, माझी अब्रू जाईल."

"आणि त्याची नोकरी?"

ह्यांनी फडकं उचललं आणि पॅनेल पुसायला गेले. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. नवरा झाला म्हणून काय झालं, असल्या पापात मी वाटेकरी होणार नव्हते.

रविवारी सभेआधी चेअरमननी वॉचमनला उलटतपासणीसाठी स्वतःच्या घरी उभं केलं होतं. मी ऑफिसात गेले. चेअरमनची चाकांची खुर्ची बाहेर काढली आणि भर दुपारी दोन्ही कॅमेऱ्यांखालून गडगडत आमच्या घरी नेली. फाटकावरच्याला तर हात हलवूनही दाखवला.

सभा भरली, तर चेअरमनना बसायला खुर्ची नाही. एकच गोंधळ. ह्यांनी सवयीने फोन काढला आणि जाहीर केलं की बाहेरचं कोणी आलेलं नाही. सगळ्यांच्या माना वॉचमनकडे वळल्या. तो बिचारा तासभर चेअरमनच्याच समोर उभा होता, हे त्यांनाच आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी उठले. "खुर्ची आमच्या स्वयंपाकघरात आहे. मीच नेली, ह्या दोन्ही कॅमेऱ्यांसमोरून. आता विचारा ह्यांना, मी का दिसले नाही ते."

ह्यांना सांगावंच लागलं. चेअरमन घसा खाकरून वॉचमनला म्हणाले, झालं गेलं विसरून जा, कामावर ये. त्याने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"काकू, मी इतकं सांगितलं, ते कोणाला पटलं नाही. खुर्ची गेली तेव्हा पटलं."

आणि गेला. मला फार लागलं ते. वाटलं, खुर्ची नेण्याऐवजी पहिल्याच दिवशी तोंड उघडायला हवं होतं.

नवा माणूस मिळेपर्यंत फाटकावर बसायचं काम सभेने ह्यांच्या गळ्यात घातलं. कॅमेरे आजच पूर्ववत करतो, असं ह्यांनी सर्वांसमोर कबूल केलं आणि त्याच चाकांच्या खुर्चीवर जाऊन बसले. काल कोणाचं तरी पार्सल फाटकापाशी ठेवलेलं नाहीसं झालं. हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पानावर बसले, पण घास उचलेनात.

"अगं, मी नाही घेतलं म्हणून घसा कोरडा केला, पण कोणी ऐकूनच घेत नाही."

"मग कॅमेऱ्यात बघा की. बॅटरी किती आहे?"

ह्यांनी फोन काढला, पाहिला आणि मान खाली घालून म्हणाले, "शंभर."