रंगुबाईच्या घराचा फोटो

कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले, की रंगुबाईला बोलावणं जायचं. ती घर लावून द्यायची. एका घरच्या खुर्च्या, दुसऱ्या घरचे कप, तिसऱ्याची मोटारसायकल दारात. पडका कोपरा असेल तिथे धुतलेलं लुगडं पडद्यासारखं सोडायची. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. पाहुण्यांनाही हे ठाऊक असायचं. त्यांच्याकडेही हेच चालायचं. त्यात फसवणूक नव्हती. आलेल्या माणसापुढे उघडं पडायचं नाही, एवढीच रीत.

तिचं स्वतःचं घर कधी नव्हतं. पन्नाशीची बाई. तीस हंगाम तिने ऊस तोडला. सहा महिने कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. उरलेले सहा महिने गावच्या गायरानात एका पत्र्याच्या खोलीत. तीन वर्षांपूर्वी चैत्रात ती परत आली, तर खोली नव्हती. गायरानातली अतिक्रमणं काढली होती. जे गावात होते त्यांनी सामान बाहेर काढलं. जे उसात होते त्यांच्या दाराला नोटीस डकवली होती.

"दारच न्हाई राह्यलं, तर नोटीस कशाला वाचू?" भिमाजी म्हणाला. भिमाजी तिचा नवरा. मोळ्या वाहून पाठ गेलेली. तो बसून बोलायचा, ती उभ्याने काम करायची.

मिरजगावच्या अलीकडे, हायवे सोडून आत, कालव्याच्या कामासाठी एका खात्याने बांधलेली क्वार्टर्स आहेत. दगडी भिंतींच्या अठरा खोल्या. माझे वडील त्या खात्यात कारकून होते. मी चार नंबरमध्ये जन्मलो. रंगुबाई तेव्हा आमचं अंगण सारवायला यायची. मी तिला मावशी म्हणायचो. काम संपलं, ऑफिस हललं, आम्ही कर्जतला गेलो. लोकांनी पत्रे नेले, खिडक्या नेल्या, दारं नेली. वीस वर्षं तिथे बाभळी वाढत होत्या.

अजिनाथ ऊसतोड कामगारांच्या संघटनेचा कार्यकर्ता. त्याने माहितीच्या अधिकारात विचारलं, की या इमारतींचं काय करणार. उत्तर आलं, 'सदर इमारती वापरास अयोग्य असून त्या निर्लेखित करण्याचे प्रस्तावित आहे.' म्हणजे पाडून टाकणार. कधी, ते लिहिलं नव्हतं.

"त्यांना नकोत, आपल्याला पाहिजेत," अजिनाथ म्हणाला. "चला आत."

जूनमध्ये अकरा कुटुंबं आत गेली. अजिनाथ बॅनर बांधत होता. रंगुबाईने त्याला थांबवलं. "घोषणा मागून दे. आधी चुली पेटवा. तव्यावर भाकर असताना कुनी कुनाला उठवत न्हाई." दुपारी दोन पोलीस आले. अकरा चुली पेटलेल्या बघून बाहेरच उभे राहिले. मग त्यांनीही पिठलं-भाकरी खाल्ली, नावं लिहून घेतली आणि गेले.

संघटनेच्या मागण्या पुष्कळ होत्या. अर्ज मी लिहायचो. बी.ए. मराठी झालेल्याला दुसरं काय येतं? रंगुबाईला मात्र एकच गोष्ट हवी होती, तिच्या नावाचं घर. तिचा मुलगा वैजनाथ आणि सून मोनिका दोघं मिळून एक कोयता. जोडीलाच कोयता म्हणतात. त्यांची मुलगी आरती सहा वर्षांची. घर झालं तर मोनिका आणि आरती मागे राहणार होत्या. आरतीची शाळा मोडणार नव्हती.

"वैजनाथबरोबर मी जाईन कोयत्याला," ती म्हणायची. "हात चालत्यात तवर मी. पन पोरगी उसाच्या फडात न्यायची न्हाई. घर नावावर झालं, की कुनाच्या बाच्यानं हालवायची न्हाई तिला."

पुढची दोन वर्षं तिने सात नंबरची खोली उभी केली. बंद पडलेल्या पोल्ट्रीचे पत्रे आणले. स्वतः वर चढून खिळे ठोकले. फरशीच्या भेगा भरल्या. गावातल्या बायका रस्त्याने जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

"आली बघा क्वार्टरची साहेबीण."

"साहेबीण हायेच," रंगुबाई वरून ओरडायची. "साहेब त्यो बघा, बिडी वढीत बसलाय."

भिमाजी हात वर करून सलाम करायचा.

माझ्या वडिलांना हे आवडलं नव्हतं. "सरकारी मालमत्तेत असं घुसणं बरं नव्हे," ते म्हणाले. बावीस वर्षं ते सरकारी मालमत्तेत राहिले होते.

यंदा एप्रिलमध्ये घरकुलाची पाहणी लागली. ज्याला घर नाही त्याचं नाव यादीत जाणार. पाहणीला माणूस येऊन कुटुंबाचा फोटो काढणार, आहे त्या घरासमोर. अजिनाथ त्या दिवशी सोनईला बैठकीला होता. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "सगळी हजर राहा. गेल्या वेळी आपल्याला 'कायम स्थलांतरित' लिहिलंय. ह्या वेळी कुणी हालू नका." आम्हाला धास्ती होती ती तेवढीच. लोक हंगाम अर्धवट टाकून परत आले होते. फोटोत माणूस दिसला पाहिजे. माणसामागे काय दिसेल, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

रंगुबाईने केला.

"घर बघायला येनार म्हंजी पोरगी बघायला आल्यासारखंच की," ती म्हणाली आणि पदर खोचला.

दोन दिवस वसाहतीत दुसरं काही चाललं नाही. चुन्यात नीळ घालून भिंती पांढऱ्या केल्या. गावातल्या किराणा दुकानात एक बंद पडलेला फ्रिज होता. दुकानदार त्यात बिस्किटं ठेवायचा. तो चौघांनी उचलून आणला. मोटारसायकल आली. कर्जतहून आमच्या घरच्या चार खुर्च्या मीच टेम्पोत घालून आणल्या. आई म्हणाली, "चांगल्या पुसून ने रे."

पाहणीला अश्विनी नावाची मुलगी आली. माझ्याच वयाची, स्कूटीवर, डोक्याला ओढणी बांधलेली. एवढ्या उन्हात तिला कुणी खुर्ची दिली नसेल. इथे खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, बशीतून चहा मिळाला.

"किती छान ठेवलंय हो घर," ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच ठेवलं, बाई."

रंगुबाई मोनिकाच्या लग्नातला शालू नेसली होती. भिमाजी खुर्चीत बसला. आरतीला पुढे उभी केली. मागे पांढरी भिंत, पत्र्याचं छप्पर, दाराशी मोटारसायकल, दारातून दिसणारा फ्रिज. अश्विनीने मोबाईल धरला.

"माझे डोळे मिटले न्हाईत ना?" रंगुबाईने विचारलं.

"छान आलाय फोटो, आजी."

मग अश्विनीने मोबाईलवर माहिती भरली. भिंत पक्की. छप्पर पक्कं. वाहन आहे. मी तिच्या शेजारी उभा होतो. ती काय भरते आहे ते मला दिसत होतं. मला वाटलं, बरं झालं, सगळं नीट लिहून घेते आहे.

सात नंबरचं झाल्यावर खुर्च्या आठ नंबरला गेल्या. मग नऊला. मोटारसायकल ढकलत नेली. अश्विनी हसत होती. अकरा फोटो झाले. अकरा फोटोंत त्याच चार खुर्च्या आहेत. वरच्या ऑफिसात कुणी हे फोटो एकापाठोपाठ एक पाहिले असते, तर त्याला खुर्च्या ओळखू आल्या असत्या. कुणी पाहिले नसावेत.

ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन कागद आले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. अकराही कुटुंबं अपात्र. कारण, 'पक्के घर उपलब्ध.' दुसरा कागद खात्याचा. इमारती सुस्थितीत आढळल्याने पाडण्याचा प्रस्ताव रद्द केला आहे. बेकायदा राहणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी त्या रिकाम्या कराव्यात.

एक कागद म्हणत होता, तुम्हाला घर आहे. दुसरा म्हणत होता, घरातून निघा. मी दोन्ही मोठ्याने वाचले. पुन्हा वाचायला लावले, म्हणून पुन्हा वाचले.

अजिनाथ खूप चिडला. "मावशे, अक्कल हाय का तुला? पडकं हाय ते पडकंच दाखवायचं असतं तिथं! फ्रिज? फ्रिज कुठनं आनला?"

"तसं आधी सांगायचं हुतं," रंगुबाई म्हणाली. "आमी जन्मभर झाकतच आलो. दाखवायचं असतं ते आमाला काय ठावं?"

अजिनाथ माझ्याकडे वळला. "आन् तू? तू तर शिकलेला हायेस."

मी दोन्ही कागदांची घडी घातली.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. तालुक्याच्या साहेबांनी तो वाचला, मग मोबाईलवर एप्रिलचा फोटो उघडून आमच्यापुढे धरला. "हे खोटं आहे का?"

"घर आमचं न्हाई, साहेब. खात्याचं हाय," रंगुबाई म्हणाली.

"घर कुणाचं ते माझ्याकडे नाही. पक्कं आहे का, एवढं माझ्याकडे आहे." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला. "आज परिस्थिती वेगळी असेल, तर फेरपाहणी लावतो."

'आज परिस्थिती वेगळी असेल तर.' परतताना रंगुबाईने हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. एस.टी.तून उतरली ती थेट शिडी लावून वर चढली.

"अगं, पाऊस हाय अजून," भिमाजी म्हणाला.

"असू दे. पाहनी हुईस्तवर भिजायचं."

ती खिळे उपटत होती. मी खाली उभा राहून पत्रे झेलत होतो. बाकीच्या दहा घरांनी नुसतं बघितलं. "म्हातारी यडी झाली," कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत सात नंबरवर नुसतं आभाळ होतं. खोलीतच तिने प्लास्टिकचा कागद बांधला. दहा दिवस ते पाचजण त्याच्याखाली राहिले. चुन्याच्या भिंतींवर ओघळ आले. आरतीला ताप आला, उतरला, पुन्हा आला.

अकराव्या दिवशी जीप आली. रंगुबाई प्लास्टिकपुढे जाऊन उभी राहिली. या वेळी तिने फाटकं लुगडं नेसलं होतं. जीपमधल्या साहेबांनी फोटो काढला. पण जीप तालुक्याची नव्हती. खात्याची होती. सुस्थितीतल्या इमारतीचं छप्पर काढलं, म्हणून तिच्यावर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार झाली.

पोलीस ठाण्यात जाण्याआधी अजिनाथने तिला पढवलं. "वाऱ्यानं उडाले म्हन. बास. दुसरं काय बोलू नको."

जमादाराने विचारलं, "काय आजी, पत्रे कुठं गेले?"

रंगुबाईने माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हणालो, "वाऱ्याने."

"वाऱ्यानं?" तिला खरोखर राग आला. "खिळे मी ठोकलेत. बारा वर्सं वारं येऊ दे, एक न्हाई निघायचा."

"म्हणजे?"

"पत्रे माझे. मीच चढवले, मीच उतरवले. खात्याचं एक पान न्हाई हुतं त्या घरावर."

अजिनाथने डोळे मिटून घेतले. जमादाराने शब्द न् शब्द लिहिला आणि तिचा अंगठा घेतला. त्या जबाबाची नक्कल पुढे तालुक्याला गेली. फेरपाहणी झालीच नाही. 'अर्जदाराने स्वखर्चाने पक्के छप्पर बांधल्याचे स्वतः कबूल केले आहे,' असं लिहून हरकत फेटाळली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ऊसतोडीला न्यायला ट्रक आला. बाकीची कुटुंबंही निघाली होती. कुणी कुणी पुढच्या वेळी बघू म्हणत होतं. वैजनाथने सामान चढवलं, मग भिमाजीला काखेत धरून वर घेतलं. मोनिका चढली. आरतीला रंगुबाईने खालून वर दिलं. पोरगी खूश होती. ट्रकमध्ये शेळी होती.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. अपील करता येईल, असं काहीतरी म्हणालो.

"कर," रंगुबाई म्हणाली. तिने ट्रकची दोरी ओढून बघितली. "आन् ह्ये बघ, शाळेत जाऊन गुरुजींना सांग. पोरगी चैतात येती म्हनावं. नाव काडू नका."

ट्रक गेल्यावर खात्याच्या माणसाने अठराही खोल्यांना नवी दारं बसवायचं काम सुरू केलं. सात नंबरलाही दार बसवलं, कुलूप लावलं. वर छप्पर नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. गुरुजी हजेरीपत्रक घेऊन बसले होते. पान नावांनी भरलेलं, वर्गात मात्र नऊ मुलं होती. मी निरोप सांगितला.

"नाव राहील हो," ते वर न बघता म्हणाले. "नावं सगळ्यांचीच राहतात."