आईचा बिडाचा तवा

आयर्लंडमधल्या किलकेनीच्या आमच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या बाई रिबआय, म्हणजे बीफचा बरगडीकडचा स्टेक, घ्यायला खाटकाकडे स्वतः जातात. पॅकेटातलं त्यांना चालत नाही. दोन बोटं जाड काप म्हणून बजावतात आणि पातळ कापलं तर तिथल्या तिथे परत करतात.

आम्ही इथली मराठी मंडळी बीफ खातो ते हॉटेलात, आणि घरच्यांना फोनवर मटण म्हणून सांगतो. बाई मात्र आईने पोळ्यांसाठी दिलेल्या बिडाच्या तव्यावरच स्टेक भाजतात. कुणी नाक मुरडलं तर म्हणतात, "घासते की मी तवा!"

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मीठ चोळलेला स्टेक तव्यावर चरचरत होता, तेवढ्यात त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं भाजतेस?"

मी फोनमागून नुसते ओठ हलवून 'मटण, मटण' सुचवत होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"बीफ आहे, आई. तुझ्याच तव्यावर."

आईने फोन कट केला.

 बाईंनी आच तेवढीच ठेवून स्टेक उलटला.

"ताट घ्या," मला म्हणाल्या, "पण बीफ म्हणून खायचं."